शेजारणीची शपथ

तेव्हा चिलीत घटस्फोट मिळत नसे. लग्न जिथे नोंदवलं त्या वस्तीत जोडपं तेव्हा राहतच नव्हतं, अशी कुणी शपथ घेतली की लग्नच रद्द व्हायचं.

मारकुट्या नवऱ्यापासून सुटायला ओर्तेन्सियाने शेजारच्या एदुविहिसला गळ घातली. वीस वर्षं दोघींची भिंतीला भिंत. मैत्रिणीखातर एदुविहिसने कोर्टात जरा जास्तच ठासून सांगितलं, "या बाईला मी आमच्या गल्लीत कधी पाहिलंच नाही."

ओर्तेन्सिया सुटली.

महिन्याभरात नवऱ्याने घराला स्वतःचं कुलूप ठोकलं. ओर्तेन्सिया रडत एदुविहिसच्या दारात आली. "चल ताई, वीस वर्षं मी त्या घरात राबले, एवढं कोर्टात सांग."

एदुविहिसने तिला पोटाशी धरलं.



"कुठल्या तोंडाने सांगू गं? कोर्टाच्या लेखी मी तुला कधी पाहिलंच नाही."