काझ वोइतासची पसंती

"आधी तू चालव," असं म्हणून काझ वोइतास कॉफीचा कप सांभाळत शेजारच्या सीटवर जाऊन बसलासुद्धा.

सगळ्या कंपन्यांच्या गाड्या विकणाऱ्या दुकानाबाहेर रेनाटा किल्ली हातात धरून उभीच राहिली. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा तिचा बाप. डेट्रॉइटजवळच्या कारखान्यात चौतीस वर्षं मस्टँग गाड्यांना दारं बसवलेला. समोर कॅमेरोसारखी वेगवान गाडी उभी असताना हा माणूस स्टिअरिंग दुसऱ्याला देतो, हे आक्रीतच होतं. सकाळी तर 'मला न्यायला ये' असा त्याने आपणहून फोन केला होता.

"ताता, गाडी तुम्हाला घ्यायचीय. मी कशाला चालवू?"

"गुडघा आखडलाय. पोलिश गुडघा दुपारशिवाय जागा होत नाही. चल, बस."

विक्रेता डेरिक लायसन्सची प्रत काढायला आला. काझने रेनाटाकडे बोट दाखवलं. "तिचं घे."

मागे ग्लेंडा अंग चोरून बसली होती. 'माझी मैत्रीण, तिला गाड्यांची हौस आहे,' असं रेनाटाने बापाला सांगितलं होतं. मैत्रीण खरी होती, हौस खोटी. ग्लेंडा इस्पितळात वयस्कर ड्रायव्हरांची परीक्षा घ्यायची. पाय वेळेत ब्रेकवर जातो का, नजर आरशाकडे जाते का, सगळं टिपायची. आज काझ गाडी चालवणार आणि ती गुपचूप बघणार, असं ठरलं होतं. ती नको म्हणाली, की डॉक्टर तसं लिहून देणार आणि काझचं लायसन्स जाणार.

तीन आठवड्यांपूर्वी काझने शेजाऱ्याची टपालपेटी खांबासकट आडवी केली आणि थांबलाही नाही. वर म्हणतो, पेटीच रस्त्यात आली. उद्या पेटीच्या जागी एखादं पोर असेल, या विचाराने रेनाटाची झोप उडाली होती. गाडी सोडा, असं एकदा तिने तोंडावर सांगून बघितलं होतं, तर बाप चार दिवस बोलला नव्हता. त्याच्यावर असा डाव टाकायची तिला लाज वाटत होती, पण भीती लाजेपेक्षा मोठी होती.

कॅमेरो रस्त्याला लागली.

"वळव. जरा जोरात," काझ म्हणाला.

रेनाटाने वळवली. गाडी रस्त्याला चिकटून वळली.

"पकड झकास. पण ही खिडकी म्हणायची की फट? बाहेरचं काही दिसत नाही. चिलखतात बसल्यासारखं वाटतंय."

"म्हणून म्हणते, परत जाताना तुम्ही चालवून बघा."

"बघितली की. नको ही."

दुकानात परतून मस्टँगजवळ आल्यावर रेनाटाने सरळ किल्लीच त्याच्या हातात कोंबली. या गाडीला तरी तो नाही म्हणणार नाही. काझने दारावरून हात फिरवला, फट बोटाने चाचपली, दार दोनदा लावून उघडलं. मग किल्ली तिला परत दिली.

"कॉफी संपू दे."

"कप रिकामा आहे, ताता!"

"तळाशी आहे थोडी." तो मागे वळला. "ग्लेंडाबाई, तुम्ही मधोमध बसा. तिथून सगळं दिसेल तुम्हाला."

रेनाटाचे कान गरम झाले. म्हाताऱ्याला संशय आला होता. म्हणूनच तो स्टिअरिंगला हात लावत नव्हता. असा पक्का माणूस आज सुटला, तर उद्या नव्या गाडीत चारशे घोड्यांची ताकद घेऊन त्याच गल्लीत फिरणार. आपणच त्याला इथे घेऊन आलो, हे आठवून तिला स्वतःचाच राग आला.

"स्टिअरिंग जड जातंय का?" मस्टँग रस्त्याला लागल्यावर काझने विचारलं.

"मला जड गेलं तर काय फरक पडतो?"

"विचारलं तर भुंकू नकोस. क्लच दाबून पाय दुखतो का?"

"दुखतो!"

"मग नको. दिसायला मात्र राणी आहे." उतरताना त्याने दारावरून पुन्हा एकदा हात फिरवला.

तिसरी गाडी चॅलेंजर. रुंद, ऐसपैस, क्लच नसलेली. काझने सीट मागे सरकवली, पाय लांब केले आणि डोळे मिटले.

"झोपलात का काय?"

"ऐकतोय. पुढे सिग्नल आहे, ब्रेक दाब." गाडी अलगद थांबली. "छान. तुझी आई दाबायची तेव्हा माझं कपाळ काचेवर आपटायचं. हीच घेऊ."

"जन्मभर मस्टँगशिवाय दुसरी गाडी दारात लावू दिली नाहीत, आणि आता ही?"

"बसायला हीच बरी."

परत आल्यावर रेनाटाचा धीर सुटला. डेरिकच्या टेबलासमोरच ती ओरडली, "तुम्ही स्वतः चालवल्याशिवाय मी इथून हलणार नाही! अशी गाडी कोण घेतं?"

ग्लेंडाने खाली बघितलं. काझने शांतपणे पाकीट काढलं आणि एक कोरं करकरीत कार्ड डेरिकपुढे ठेवलं.

डेरिकने ते उलटसुलट करून बघितलं. "साहेब, हे नुसतं ओळखपत्र आहे. लायसन्स कुठाय?"

"सोमवारी सरकारी ऑफिसात परत करून आलो. पेटी खरंच दिसली नव्हती मला." मग तो ग्लेंडाकडे वळला. "काय बाई, तीन गाड्यांत बघितलंत ना नीट? आमची ड्रायव्हर पास की नापास?"