सात नंबर

आजही उंबऱ्यावर लिंबू होतं. हेमराजने दार उघडलं आणि पुढे टाकलेला पाय झटकन मागे घेतला.

लिंबाला चारी बाजूंनी टाचण्या टोचलेल्या, मधोमध काजळाने काढलेला सातचा आकडा. त्याने मागे वळून पाहिलं. बायको रिता चुलीपाशी होती, चार वर्षांची गुड्डी अजून गोधडीत. दोन काटक्यांत धरून त्याने ते लिंबू घरामागच्या बोडीच्या, त्या लहानशा तळ्याच्या, पाळीपलीकडे फेकलं आणि पाय धुऊन घरात आला. कोणाला काही बोलला नाही. बोलायचं तरी काय?

सात नंबर म्हणजे योगेंद्र. दिघोरीच्या कबड्डी मंडळाचा जुना चढाईवाला. कोंढ्याचे सामने तोंडावर आले होते आणि संघ निवडायचं लोढणं हेमराजच्या गळ्यात होतं, कारण तो सचिव. अध्यक्ष वासुदेवराव होते, पण त्यांचं काम हार घालून घेण्यापुरतं. गावात मात्र उभी फूट पडली होती. अर्धे म्हणत, योगेंद्रच पाहिजे. अर्धे म्हणत, त्याला बसवा आणि मोनूला उतरवा. मोनू नुकतं मिसरूड फुटलेलं पोरगं, पण पायात वारं भरलेलं.

हेमराज योगेंद्रच्या बाजूने बोलला की दुसऱ्या सकाळी लिंबू हजर. हा मेळ लक्षात आल्यापासून तो रोज रिताच्या आधी दार उघडायचा. धिप्पाड गड्यांना भिडलेला माणूस तो. पण समोरून येतो त्याची पकड करता येते. जो दिसतच नाही त्याचं काय करणार?

संध्याकाळी चहाच्या टपरीवर पुन्हा तोच विषय निघाला. मोनूच्या बाजूचा म्होरक्या भोजराज, किराणावाला. त्याच्या दुकानात दाराशीच लिंबांची टोपली असायची. हेमराजला हल्ली त्या दुकानात जायचीही भीती वाटायची.

"योगेंद्र बुढा झाला बाप्पा," भोजराज म्हणाला. "मांगच्या मॅचमधी ढिगाखालून उठाले किती टाइम लागला त्याले?"

"हासतच उठला ना?" हेमराज म्हणाला.

"हासत उठला, पन उशिरा उठला. तुमी पोट्ट्याईले चान्सच देऊन नाही राहिले. मंडळ हाये का तुमची जहागीर?"

"कोंढ्यात लोकं योगेंद्रले पाहाले येतेत," धर्मेंद्र मध्ये पडला. तो योगेंद्रचा भक्तच. "तुमच्या पोट्ट्याले तिथं कुत्रं तरी ओळखते का?"

योगेंद्र बाकावर बसून हे सगळं ऐकत होता. गडी डावखुरा, पण कप उजव्या हातात. तो नुसता हसला. "मी खेळतो म्हंजे खेळतो. मले मैदानातून खांद्यावरच न्या लागन."

तेवढ्यात त्याची बायको कुंताबाई जर्सींचं गाठोडं घेऊन आली. गावचं शिलाईकाम तिच्याकडे. जर्सीवरचे आकडेही तीच शिवायची. भोजराजचं बोलणं तिने येता येताच ऐकलं होतं.

"माह्या घरवाल्याले काढून त दाखवा," ती कडाडली. "मंग पाहीन एकेकाले!"

तिने हेमराजकडे रोखून पाहिलं. तिच्या धाकाने असो की जुन्या दोस्तीला जागून असो, तो म्हणून गेला, "ठरलं. योगेंद्र खेळन."

"पस्तावशीन," भोजराज म्हणाला आणि उठून गेला.

दुसऱ्या दिवशी हेमराजला जाग आली तेव्हा दार उघडंच होतं. गुड्डी उंबऱ्यावर बसली होती. मांडीत लिंबू, तळहाताला काजळ, बोटाच्या टोकावर रक्ताचा थेंब.

"बाबा, बॉल," ती म्हणाली.

दुपारी तिचं अंग तापलं. डॉक्टर म्हणाले, साथीचा ताप आहे, उतरेल. रिताला आता सगळंच सांगावं लागलं. तिने लेकीला छातीशी धरलं.

"बाहेरचं हाये हे. कबड्डी पाह्यजे का पोट्टी पाह्यजे तुमाले?"

 हेमराजने वासुदेवरावांना फोन लावला. "योगेंद्र बसन. मोनू खेळन."

"काहून रे?" वासुदेवरावांनी विचारलं. त्याने फोन ठेवून दिला.

राहिलं होतं ते योगेंद्रला तोंडावर सांगणं. दिवस कलताना तो त्याच्या अंगणात जाऊन उभा राहिला. योगेंद्रने ऐकून घेतलं.  दुपट्टा खांद्यावर टाकला आणि तळ्याच्या वाटेने निघून गेला. शिवी दिली असती तर बरं झालं असतं, असं हेमराजला वाटलं.

कुंताबाई दारात उभी होती. आता ही खराटा घेऊन येते, या धास्तीने हेमराज दोन पावलं मागे सरला. पण तिचं लक्ष त्याच्याकडे नव्हतंच. नवरा वळणापलीकडे दिसेनासा होईपर्यंत ती पाहत राहिली. मग पायरीवर बसली.

"सुटली मी," ती हळूच म्हणाली. "रातच्याले डावा हात उचलत नाही त्यायचा. डाक्टर म्हने, मानेवर आनखी एक दनका बसला त जागचे उठनार नाही. मी पाया पडली. आयकतच नाहीत. कोनाले सांगू नोको म्हनून शपथ घातली."

 तिने पदराने डोळे पुसले.

"गुड्डीले ताप आला म्हने?"

"हो, वहिनी. दारातला निंबू हाती घेतला होता तिनं."

कुंताबाईने हात जोडले. "लेकराच्या हाती पडन असं नोहोतं वाटलं, भाऊजी. रिताले सांगा, भेवाचं काही नाही. आमच्याच झाडाचे साधे निंबू होते."