चौथा मजला

“बाबा, भूकंप झाला तेव्हा तुम्ही पट्ट्यापट्ट्यांच्या पायजम्यात रस्त्यावर पळालात का?”

प्रश्न सलिमाचा होता. “पहिला हाच विचारायचा, हिंमत असेल तर!” असं तिनं शाळेत सगळ्यांसमोर बजावलं होतं, आणि नीलिमानं तो विचारला. थेट इटलीला! चिंचवडच्या त्या कॉलनीत फोन एकच, कुसुमताईंकडे, आणि कॉल लागायला दोन दिवस गेले होते. आईनं कपाळावर हात मारला. दाराशी उभी असलेली सलिमा तोंडात ओढणी कोंबून हसत होती. हसायला हरकतही नव्हती. नीलिमाचे बाबा इंजिनिअर, सलिमाचे अब्बा मेकॅनिक. कंपनीनं दोघांना नवं मशीन शिकायला नेपल्सजवळ पाठवलेलं. तिथं रविवारी एवढा मोठा भूकंप झाला, पण ‘दोघे सुखरूप’ अशी तार कालच आली होती.

आधी खरखर आली, मग बाबांचं हसू.

“पायजमा कुठला? जेवायला बसलो होतो. हातात घास घेऊन पळालो! अख्खं गाव पळालं गं. अजून बाहेरच आहेत सगळे. कुणी मोटारीत झोपतंय, कुणी मैदानात शेकोटी करून.”

“मग तुम्ही? मोटारीत?”

“छे! मी वर, आपल्या खोलीत. चौथ्या मजल्यावर. सगळी बिल्डिंग माझी एकट्याची. राजासारखा झोपतो.”

नीलिमा हसली नाही. शेजारी कान लावून उभी असलेली आई मात्र हसली. “ह्यांचं हे असंच,” ती कुसुमताईंना सांगू लागली. “कोयनेचा भूकंप झाला तेव्हा पहाटे सगळी कॉलनी बाहेर पळाली. मी हिला काखोटीला मारून अंगणात, आणि हे? ह्यांनी कूससुद्धा बदलली नाही!”

हा किस्सा त्यांच्या घरी प्रत्येक पाहुण्याला चहाबरोबर मिळायचा. नीलिमानंही तो शाळेत मिरवला होता. आज तो तिला नकोसा झाला. सकाळी पेपरात पाहिलेला फोटो डोळ्यांसमोरून जात नव्हता. सगळं घर खाली आलेलं, एकच भिंत उभी, आणि त्या भिंतीवर खुंटीला कुणाचा तरी कोट.

“बाबा, भिंतींना भेगा पडल्यात का?”

बाबा आधी खाकरले.

“आहे एक. जिन्यापाशी. बारीकशी आहे, हात जाईल एवढी.”

“हात?”

तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं. सलिमाचे अब्बा, शफीकाका. “नीलू बेटा, काल रात्री परत हललं! मी सांगून सांगून थकलो. तूच सांग ह्यांना!”

सलिमाचं हसू कुठल्या कुठं गेलं. ती धावत येऊन रिसीव्हरला कान लावून उभी राहिली. आईनं रिसीव्हर ओढून घेतला.

“अहो, ऐका ना. शफीभाईंबरोबर झोपा. माझी शपथ आहे तुम्हाला.”

“शपथा कसल्या घालतेस? एका मोटारीत चौघं, पाय आखडतात. थंडी ही अशी! आणि कोयनेला काय झालं होतं मला?”

“कोयना लांब होती, बाबा!” नीलिमा आईच्या खांद्यावरून किंचाळली. “पार कराडच्या पलीकडे! आपल्याकडे नुसती भांडी वाजली. आत्ता तुम्ही कोयनेतच आहात! तिथली घरं राहिली होती का उभी?”

आईनं रिसीव्हर नीलिमाच्या हातात दिला. इतकी वर्षं तो किस्सा तीच सांगत आली होती.

“नीलू,” बाबांचा आवाज खाली आला. “इथं सगळ्यांना सांगून बसलोय मी ते कोयनेचं. रोज सकाळी विचारतात, इंडियन इंजिनिअर झोपला का नीट? टाळ्या वाजवतात गं. आता गादी काखेत मारून खाली कसा उतरू? काय म्हणतील?”

“हसतील! हसू देत ना, बाबा!” ती रडायला लागली. “मेलेल्या माणसासाठी कोण टाळ्या वाजवतं?”

“अभद्र बोलू नकोस. मला काही होत नाही.”

म्हणजे ते उतरणार नव्हते. विषय संपवायचा बाबांचा आवाज तिला चांगला ठाऊक होता.

मध्येच ऑपरेटर बाई म्हणाली, “वेळ संपत आली.”

“काहीतरी बोल ना गं,” सलिमा कुजबुजली. काय बोलणार? शपथ घालून झाली, किंचाळून झालं, रडूनही झालं. इटलीतल्या माणसाचा हात धरून त्याला जिना कसा उतरवायचा? उघड्या दारातून थंडी आत येत होती. समोरच्या मैदानावर अंधार पडत चालला होता आणि तिथं चिटपाखरू नव्हतं.

नीलिमानं बाहीनं नाक पुसलं. रिसीव्हर दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि पलीकडच्या गल्लीत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ती बोलली.

“बाबा, ऐका. आई, तूही ऐक. आजपासून मी घरात झोपणार नाही. समोरच्या मैदानात झोपणार, एकटी, उघड्यावर. रागवा, मारा, कडी लावा, मी खिडकीतून जाईन. शफीकाका, बाबा खाली आले की तार करा. बाबा, तुम्ही तिथं खाली उतरलात, की मी इथं आत येईन.”