एकेरी

जर्मन सुनेच्या पत्राला हिम्मतरावांनी सात वर्षं उत्तर दिलं नव्हतं. मुलगा विकास तिकडे वारला, त्यानंतर ते आलं होतं. वाचून दाखवणारा सिकंदराबादचा दुभाषी पहिल्याच ओळीला चाचरला, "साहेब, बाईंनी तुम्हाला अरेतुरे केलंय." हिम्मतरावांनी पत्र ओढून घेतलं आणि ट्रंकेत टाकलं.

यंदा मन खाऊ लागलं, तेव्हा त्यांनी जर्मन लेखनाचा वर्ग लावला. वर्गात गोल बसून चर्चा चाले. आपलं चुकेल या भीतीने त्यांच्या तोंडून शब्द फुटत नसे. वर्गातली तरुण मुलं त्यांना आदराने 'झी', म्हणजे 'तुम्ही', म्हणत आणि पुढच्याकडे वळत. उरलेली चर्चा ई-मेलवर होई. अंबरपेठेत नुकत्याच निघालेल्या नेट कॅफेत बसून हिम्मतराव तिथे मात्र भरभरून लिहीत. एकदा वर्गातल्या केतकीने उत्तरात त्यांना चक्क एकेरी 'डू', म्हणजे 'तू', लिहिलं.

पुढच्या वर्गाला ती स्वतःच जवळ आली. "काका, राग नाही ना आला? मेलवर तुम्ही परके वाटतच नाही हो. जर्मनमध्ये घरच्या माणसाला 'झी' म्हटलं, तर तोच रुसतो!"

घरी येऊन हिम्मतरावांनी शब्दकोशाच्या आधाराने पत्र शेवटपर्यंत वाचलं. "जाताना तो तुझ्या भाषेत काहीतरी बोलला. मला कळलं नाही. ऐकलं तसं लिहिते, अर्थ तू कळव." खाली इंग्रजी अक्षरांत वेडंवाकडं मराठी होतं, "बाबा, हिला एकटं सोडू नका."

ती ओळ वाचायला जर्मन यायची गरजच नव्हती.

दुसऱ्या दिवशी हिम्मतरावांनी त्या ओळीचा अर्थ सुनेला जर्मनमध्ये लिहिला आणि पत्र पोस्टात टाकलं.