फळ्यांचं माप

"नाय बसल्या?" मल्हारी सुतार उभाच राहिला. "साहेब, तिसरी खेप हाय ही!"

"माप बरोबर आहे. कापताना तुझंच काहीतरी चुकतंय," मुकुंदराव म्हणाले आणि त्यांनी तिन्ही फळ्या पार्किंगच्या भिंतीला टेकवल्या. चहा घेऊन जिना उतरणाऱ्या पद्मजाबाईंनी ते ऐकलं आणि त्यांचा जीव तिसऱ्यांदा भांड्यात पडला.

निवृत्तीनंतर माणसं बाग करतात, नातवंडं खेळवतात. मुकुंदरावांनी जुनी शिडाची होडी आणून पैठणला नाथसागरात सोडली. होडीवर इवलीशी केबिन. तिला दार नाही. तोंडाशी तीन आडव्या फळ्या एकावर एक खाचेत सरकवायच्या. त्या नसल्या तर लाट सरळ आत.

गेल्या दिवाळीत भर पाण्यात त्यांच्या छातीत कळ आली. वारा पडलेला, जवळ चिटपाखरू नाही. दोन तासांनी मासेमारांनी होडी ओढत काठाला आणली. ते दवाखान्यात असताना पद्मजाबाईंनी गाडीच्या डिकीतल्या फळ्या काढल्या, माळ्यावर गाद्यांमागं लपवल्या आणि चोरीला गेल्या म्हणून सांगितलं. नवऱ्याशी बोललेलं हे पहिलंच खोटं. साड्यांच्या किमती धरायच्या नाहीत.

पण ह्या माणसाची खोड जाते थोडीच! घरी आल्या आल्या सगळ्या सोसायटीला सांगून झालं, "नव्या फळ्या झाल्या की निघालो." पैठणला जाऊन मापं आणली आणि गारखेड्यात ज्याच्या हाताला नाव, त्या मल्हारीला गाठलं.

"मला एकदा होडीपाशी न्या की," मल्हारी म्हणाला. "मी सोता बसवून बघतो."

"नको, उगाच तुझा दिवस मोडेल."

मल्हारी मटकन खाली बसला. बाप पिशोरला मेंढरं राखायचा. घराण्यात ह्यानं एकट्यानं रंधा धरला होता. त्यानं स्वतःचे तळवे पाहिले. "वहिनी, वीस वर्षांत असं झालं नाय. माझा हात गेला म्हणायचा."

मुकुंदराव दुसरीकडंच बघत होते. "जाऊ दे. नशिबातच नाही. विकून टाकू होडी."

सुंठीवाचून खोकला गेला होता. पद्मजाबाईंनी फक्त गप्प बसायचं होतं. पण चांगल्या कारागिराचं ते तोंड त्यांना बघवेना. त्या तडक वर गेल्या आणि धूळभरल्या जुन्या फळ्या घेऊन आल्या.

"मीच लपवल्या होत्या. मला होडी नको, हे हवेत. पण त्यात तुझा काय दोष? घे, हा नमुना."

मल्हारीनं जुनी वरची फळी नव्या वरच्या फळीवर ठेवली. मग मधली. मग खालची. कडेला कड. नखभरही फरक नाही.

"साहेब," तो हळूच म्हणाला, "ह्या कशा बसल्या नाय?"

मुकुंदरावांचा चेहरा पांढराफटक पडला.

"तुझा हात शाबूत आहे रे, मल्हारी," ते म्हणाले. मग त्यांनी बायकोचं मनगट घट्ट धरलं. "अगं, आता परत त्या पाण्यात जावंच लागेल का मला?"