बुंदीचा पाहुणा

उल्केचा कागदाहून पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून मृणाल सबनीस दोन दिवस प्रयोगशाळेत डोकं खाजवत होती. खनिजांवरून दगडाचं कुळ केव्हाच कळलं होतं. घोडं अडलं होतं पोतावर. आतले गोल दाणे सुटे ओळखू आले तर पाचवा प्रकार, उष्णतेने एकजीव झाले असले तर सहावा.

तेवढ्यात गजराबाई तक्रारीचा अर्ज घेऊन आल्या. दगड त्यांच्याच गोठ्याचा पत्रा फोडून पडला होता. "बघू तरी मेल्याचं तोंड," म्हणत त्यांनी भिंगाला डोळा लावला.

"अगं बया, ही तर बुंदी!" पंचक्रोशीतल्या लग्नांचे लाडू वळणाऱ्या गजराबाई उद्गारल्या. "पाक चांगला मुरलाय, पण कळी न् कळी दिसतीय. गिचका नाय झाला."

मृणालने पुन्हा पाहिलं. ती खुदकन हसली आणि 'पाच' लिहून मोकळी झाली.

"आन् नाव काय ठिवनार ह्याचं?"

"जिथे पडला त्या गावाचंच. तुमची उंबरवाडी आता जगाच्या यादीत!"

गजराबाईंनी अर्जाची घडी घालून तो पिशवीत टाकला. "मग ऱ्हाऊ द्या. गावचाच झाला की तो. घरच्याची तक्रार कुणी करतं व्हय?"