नारळाच्या शेंडीचे केस

“पुस्तकातली आई नीट बघा, आणि घरात सापडेल त्यातून आपापली आई करून आणा,” शाळेतल्या बाईंनी सांगितलं होतं.

कुंदाने कागदावर गेरूने चेहरा काढला. आईच्या तांबड्या आलवणाची चिंधी लुगडं म्हणून चिकटवली. पुस्तकातल्या आईला लांब केस होते, म्हणून देवापुढच्या नारळाची शेंडी डिंकाने लावली. शेजारी तिची विधवा आई, द्वारका, केशवपन केलेल्या डोक्यावरून पदर घेऊन नेमाच्या वाती वळत बसली होती.

द्वारकेच्या मामंजींनी, कुंदाच्या आजोबांनी, कागद उचलला. “सोवळ्या बाईला केस? साऱ्या भोर गावात शोभा करतेस होय गं आमची, कार्टे!” म्हणत त्यांनी शेंडी ओरबाडली आणि ओसरीवर निघून गेले. चित्राच्या डोक्याला भोक पडलं.

नवरा गेल्यापासूनच्या चार वर्षांत द्वारकेने त्यांच्यापुढे मान वर केली नव्हती. आज तिच्या हातातली वात तटकन तुटली.

“आई, बाईंना काय दाखवू?”

“भोक दाखव. म्हणावं, आजोबांनी पाडलं.”

“आणि केस?”

“पुढच्या खेपेला नारळाचे नको लावूस, बाळा. माझे देईन.”



ठरल्या दिवशी सकाळी न्हावी द्वारकेचं डोकं करायला वस्तरा घेऊन मागच्या दारी आला, तेव्हा द्वारकेने आवाज न करता आतून कडी घातली आणि वाती वळायला बसली.